बेकरीसमोरचा उतार

३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. फोनवर आपलं दोन मिनिटांच्या वर गोडीत चालत नाही. तुम्ही फोन आपटता आणि मी पुढचे दोन दिवस मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत बसतो. म्हणून या वेळी लिहितो आहे. पत्र वाचून झाल्यावर हवं तर आपटा.

दादाला जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात तुम्ही एकटीने धंदा ओढलात, त्याचं कौतुक सगळेच करतात, मीही करतो. पण वहिनी, आता पुरे. तुमचं वय पंचावन्न. या वयात उकळत्या डांबराचा धूर छातीत घ्यायचा, खडीच्या ढिगावर उभं राहून मजुरांवर ओरडायचं, हे किती दिवस? बायपासवरची कंपनी रोलर, मिक्सर आणि आवार असं सगळं एकत्र घ्यायला तयार आहे. माणसंही ठेवून घेतील म्हणतात. रोलर दोघा भावांच्या नावावर आहे, त्यामुळे माझी सही आणि दादाच्या जागी तुमची, अशा दोन सह्या लागतील. माझी केली आहे. कागद सोबत पाठवतो, फक्त खुणेच्या जागी सही करा.

तुम्ही इकडे आमच्याकडे या. खिडकीजवळची खोली रिकामी आहे. माझं ऑफिसचं नकाशांचं काम सकाळी दहा ते सहा, संध्याकाळी गप्पा मारू. दादा असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

तुमचा,
धाकटा


९ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र आपटलं नाही, दोनदा वाचलं. सहीच्या कागदाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर पुढच्या कामाला सिमेंट किती आणि खडी-वाळू किती ते मांडलं. पुढची बाजू मात्र वाया गेली, कारण मी सही करणार नाही.

तुमचे दादा असते तर काय म्हणाले असते ते तुम्ही मला सांगू नका. तीस वर्षं मी त्यांच्या डांबरात भाजलेल्या बुटांशेजारी चपला काढल्या आहेत. ते म्हणाले असते, आधी दवाखान्याचा उतार कर. तो मी केला. चाकाच्या खुर्चीवरून येणारी माणसं आता कोणी न ढकलता आत जातात. उद्‌घाटनाला डॉक्टरीणबाईंनी स्वतः खुर्चीत बसून पाहिलं, आणि इतक्या वेगाने खाली आल्या की कंपाउंडरने धरलं. गेल्या आठवड्यात रोलरवाले काका पाठ धरून बसले, तर मास्तरांच्या गेटसमोरचा पट्टा मी स्वतः दाबला. रोलरला माझं वय कळलं नाही. तो पुढे म्हटलं की पुढे जातो, घरातल्या माणसांपेक्षा बरा.

आता खरी बातमी. तुमच्या त्या कंपनीचा माणूस बेकरीवाल्याकडे येऊन गेला. बेकरीसमोरच्या जुन्या काँक्रीटवर दोन इंच डांबर पसरून देतो म्हणाला, दिवसभरात काम खलास. मला कळलं तशी मी गेले. बेकरीवाल्याला सांगितलं, डांबराने झाकलं म्हणून उतार बदलत नाही. खाली पाणी दुकानात शिरतं, तर वरूनही दुकानातच शिरणार, फक्त काळं दिसेल.

तो पिठाचे हात पुसत म्हणाला, "बाई, हा उतार तुझ्याच नवऱ्याने उलटा केलाय. बावीस वर्षं मी दाराशी विटा लावून पीठ वाचवतोय. परत तुमच्याच घरचा हात लावू देऊ होय?"

दुकानात पाव घ्यायला पाच-सहा जण उभे होते. एक जण हसून म्हणाला, "उलट्या मिस्त्रीची बायको." भाऊजी, हे नाव तुम्हाला माहीत आहे. एक काम चुकलं आणि त्यांनी आयुष्यभर केलेली शेकडो अंगणं लोक विसरले. त्यांना पोचवायला आलेल्या गर्दीतसुद्धा मी ते नाव ऐकलं होतं. तेव्हा मी गप्प बसले. परवा नाही बसले.

मी म्हणाले, "जुनं सगळं फोडते आणि नवीन घालते. झाल्यावर सगळ्या गल्लीसमोर त्यावर बादली ओतू. एक थेंब जरी तुमच्या उंबऱ्याला लागला तर आवारावरची पाटी मी माझ्या हाताने उतरवीन आणि रोलर त्या कंपनीला देऊन टाकीन."

तो कबूल झाला. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपल्या धंद्यात चालत नाही, कारण इथे अंगण खरंच वाकडं असतं. ते मी सरळ करणार आहे.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. हे हात दाखवून अवलक्षण कशाला? आपणहून पाटी पणाला लावायची काय गरज होती? लोक दोन दिवस हसले असते आणि विसरले असते.

ते काँक्रीट फोडू नका. मी रोज हीच कामं कागदावर करतो, माझं ऐका. बेकरीची भट्टी जुन्या भिंतीला लागून आहे. ब्रेकरचे हादरे बसले तर भिंतीला तडे जातील आणि ते पाप तुमच्या माथी येईल. त्यापेक्षा कंपनीला वरून डांबर टाकू द्या. जे गाडलं गेलंय ते उकरून दादाला काय मिळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तसंही त्यात फार काही नव्हतं. रस्त्याकडची बाजू दीड इंच चढ राहिली, एवढंच. असं कोणाच्याही हातून होतं. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, परीक्षेसाठी सकाळच्याच गाडीने निघालो होतो, नाहीतर लक्ष दिलं असतं.

हवं तर रोलरमधला माझा वाटाही तुम्हीच घ्या, मला काही नको. पण हे काम सोडा. एवढं एकच मागतो.

धाकटा


२८ फेब्रुवारी

भाऊजी,

भिंतीची काळजी केलीत, बरं केलंत. तुमचं ऐकून ब्रेकर आणलाच नाही. भिंतीपासून चार फूट आम्ही घण आणि पहारीने फोडलं. त्याला तीन दिवस जास्त लागले. भट्टी जशीच्या तशी आहे, रोज पाव निघताहेत. तेव्हा मला वाटलं होतं की धाकट्याला वहिनीची काळजी आहे. मजुरांना तसं सांगितलंही.

आता पुढचं ऐका.

परवा दुपारी रस्त्याकडची कड निघाली आणि त्यात दोन खुंट्या निघाल्या. लोखंडी, हातभर लांब, काँक्रीटमध्ये उभ्या पुरलेल्या. दोन्हीच्या डोक्याला लाल रंग.

आपल्याकडे लाल खुंटी कुठे ठोकतात ते या आवारातल्या मांजरालाही माहीत आहे. लाल ती उंच, ती भिंतीकडे. बिनरंगाची खाली, ती रस्त्याकडे. मग दोन्हींना दोरी ताणायची आणि दोरी सांगेल तसं काँक्रीट भरायचं. इथे लाल रस्त्याकडे होत्या. म्हणजे खुंट्या उलट ठोकल्या गेल्या, आणि मजूर बिचारे दोरीप्रमाणे भरत गेले.

दुसरी गोष्ट. काँक्रीट ओलं असतानाच तुमचे दादा खुंट्या स्वतःच्या हाताने उपटायचे, पुसून डब्यात ठेवायचे. "खुंटी आत राहिली म्हणजे माणूस घाईत होता," असं म्हणायचे. त्यांची खुंटी कधी आत राहिली नाही.

आणि तिसरी. नायलॉनची दोरी अजून एका खुंटीला बांधलेली आहे. गाठ मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. पीळ उलटा आहे. डाव्या हाताने मारलेली गाठ आहे. आपल्या घरात डावखुरा एकच माणूस झाला. शाळेतून त्याला उजव्या हाताने लिहायला लावा म्हणून निरोप आला होता, तेव्हा मीच भांडायला गेले होते.

मग तुमचं पत्र परत काढलं. दीड इंच. फोडण्याआधी मी जुनी कड पाण्याच्या नळीने पातळी धरून मोजून घेतली होती. बरोबर दीड. हा आकडा आजवर कोणी मोजला नव्हता. जो माणूस सकाळच्याच गाडीने गेला होता त्याला तो कुठून कळला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मला तुमचा राग आला आहे, तो लिहून सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको. पण त्याहून जास्त मला माझा राग आला आहे. त्या दिवसांत घरी येऊन हे म्हणाले होते, "चूक माझी." मी विश्वास ठेवला. आठवडाभर धड बोलले नाही त्यांच्याशी. नंतरही बावीस वर्षं, कधी ताट वाकडं ठेवलं, कधी कपाट नीट लागलं नाही, की मी टोमणा मारायची, तुमचं कुठलं काय सरळ असतं म्हणून. ते हसायचे. भाऊजी, ते नुसते हसायचे. मी हे कोणाला सांगू?

बेकरीवाल्याला मी काही सांगणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि त्यांनी जे बावीस वर्षं सांगितलं नाही ते सांगायचा मला अधिकार नाही. तुम्हाला आहे.

तीन मार्चला नवीन काँक्रीट घालते आहे. त्यावर ओली गोणपाटं राहतील. पंधराला, रविवारी सकाळी नऊ वाजता, ती काढून बादली ओतायची आहे. ती तुम्ही ओता.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

सगळं खरं आहे.

त्या दिवशी खडीचा ट्रक खाणीच्या रस्त्यावर रुतला म्हणून दादा तिकडे गेला. जाताना म्हणाला, "खुंट्या ठोक, दोरी ताण, मी येतोच." माझी गाडी दुपारी बाराची होती, सकाळची नव्हे. डोक्यात परीक्षा. मी रस्त्याकडे तोंड करून उभा होतो की भिंतीकडे, तेही आठवत नाही. ठोकल्या, बांधल्या, मजुरांना भरा म्हटलं आणि पिशवी उचलून पळालो. खुंट्या काढायच्या राहिल्याचं गाडीत बसल्यावर आठवलं. उलट्या ठोकल्याचं तेव्हाही आठवलं नाही.

महिन्याने निकाल घेऊन घरी आलो तर स्टँडवरच कोणीतरी विचारलं, उलट्या मिस्त्रीचा भाऊ ना तू? मी एकटाच बेकरीसमोर गेलो, जाताना आवारातली पाण्याची नळी पिशवीत टाकली आणि मोजलं. दीड इंच. मग दादाला गाठलं. म्हटलं, मी जाऊन सांगतो बेकरीवाल्याला. दादा मिक्सर धूत होता. हात न थांबवता म्हणाला, "तू पास झालास ना? मग उतार बरोबरच आहे. नोकरीच्या कागदावर कोणी बोट ठेवायला नको." मी तिथे अजून एकदा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. सोपं होतं ते घेतलं.

ऑफिसात मला 'तीनदा' म्हणतात. कुठलाही नकाशा मी तीनदा तपासल्याशिवाय पुढे देत नाही, साहेब वैतागतात. त्यांना वाटतं मी फार काळजीपूर्वक काम करणारा माणूस आहे. आणि रोलर मला विकायचा होता तो तुमच्या तब्येतीसाठी नव्हता, हेही आता सांगून टाकतो. तो दिसला की मला ते सगळं दिसतं. आवार गेलं, पाटी गेली, बेकरीसमोर डांबर पडलं, की विषय संपेल असं वाटलं.

कंपनीला मी कालच नाही म्हणून कळवलं आहे. बेकरीवाल्याला तुम्ही हे पत्र दाखवा, वाचून दाखवा, माझी काही हरकत नाही. पण मला बोलावू नका. त्या गल्लीत उभं राहायला मला तोंड नाही.

धाकटा


११ मार्च

भाऊजी,

तोंड नाही म्हणता, पण पाय तर आहेत ना? गाडी अजून बाराचीच आहे, उलट बाजूने येते एवढाच फरक.

तुमचं पत्र मी कोणाला दाखवणार नाही. लपून लिहिलेलं पत्र मी भरगल्लीत वाचायचं आणि तुम्ही तिकडे खिडकीजवळच्या खोलीत बसून हलकं व्हायचं, हा चांगला न्याय आहे. दादांनी तुमचं ओझं घेतलं, आता वहिनीने घ्यावं. वहिनी घेणार नाही. तिची पाठ आधीच रोलरने भरून आली आहे.

काँक्रीट छान बसलं आहे. लाल खुंट्या मी भिंतीकडे ठोकल्या, चार वेळा पाहिल्या, मग रोलरवाल्या काकांना पाहायला लावल्या, मग काकांनी त्यांच्या बायकोला आणून दाखवल्या. ओलं असताना चारही उपटल्या. रोज तीन वेळा गोणपाटं भिजवते आहे. गिऱ्हाईकं फळीवरून पाव घ्यायला जातात, एक आजोबा काल फळीवरून घसरता घसरता वाचले.

बेकरीवाल्याला सांगितलं आहे, गोणपाटं माझा दीर आल्याशिवाय निघणार नाहीत. तो म्हणाला, "दीर कशाला? बादली ओतायला काय इंजिनिअर लागतो?" मी म्हणाले, "या बादलीला लागतो." तो चिडला आहे. पंधरा तारखेला गोणपाटं निघाली नाहीत तर शर्त तू हरलीस असं समजेन, म्हणाला. समजू दे. पाटी उतरवायची वेळ आली तर उतरवीन, पण ही बादली मी तुमच्याऐवजी ओतणार नाही. हे बोलणं मी मागे घेत नसते, तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही याल असं मला वाटतं. वाटतं म्हणून लिहिते, खात्री नाही.

वहिनी


२३ मार्च

भाऊजी,

पोचल्याचा तुमचा निरोप मिळाला. चहासुद्धा न घेता गेलात, त्याबद्दल वेगळं भांडेन.

पंधराला बादली ओतताना तुम्ही डोळे मिटले होते. तुम्हाला वाटलं कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं. आणि उघडले तेव्हा सरळ स्टँडकडे चालू लागलात, म्हणून पाणी कसं गेलं ते तुम्हाला माहीत नाही. ते सांगायला हे पत्र.

पाणी आधी तुमच्या पायाशी पसरलं. मग मध्यावर जरा थबकलं. बेकरीवाल्याने पाय मागे घेतला. मग एक धार सुटली आणि ती रस्त्याकडे निघाली, तिच्यामागून बाकीचं. गटारात पडल्याचा आवाज ऐकू आला. बेकरीवाल्याने उंबऱ्यावर हात फिरवून पाहिला, मग खाली वाकून गाल टेकवल्यासारखं करून पाहिलं. कोरडा होता. विटा त्याने लगेच पायाने बाजूला केल्या.

पण त्याच्या आधी तुम्ही जे बोललात त्याने जे झालं ते त्या पाण्याने झालं नाही. "हा उतार माझ्या दादाने नाही, मी उलटा केला होता. मी घाईत होतो. नाव त्याचं गेलं." एवढंच तर बोललात, आणि तेही गोणपाटाकडे बघून. तुम्ही गेल्यावर बेकरीवाला माझ्याकडे आला. हातावरचं पीठ सोलत उभा राहिला. म्हणाला, "तो दर पावसाळ्याआधी यायचा. म्हणायचा, फोडून नवीन करून देतो, काही देऊ नकोस. मी दर वर्षी हाकलला. एकदा तरी म्हणायचं होतं की माझा भाऊ होता." मी म्हणाले, "ते त्यांना जमलं नसतं." मग तो आत गेला. जाताना मला त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं. माझ्या डोळ्यांचं तर विचारूच नका.

हे दर वर्षी जायचे, हे मला माहीत नव्हतं. हा माणूस घरात किती कमी बोलायचा.

आता नावाचं सांगते. गावाला एक उलटा मिस्त्री लागतोच, नाहीतर दुकानात बोलायचं काय. परवा मास्तर पाव घेताना म्हणाले, "अरे, तो उलटा शहरात नकाशे काढतो म्हणे, देव त्या शहराला वाचवो." म्हणजे ते नाव आता तुमचं झालं. तुम्हाला ते सांभाळावं लागेल, मी त्यावर डांबर टाकणार नाही. पण दादांना आता कोणी तसं म्हणत नाही. काल त्यांच्या फोटोसमोर उभं राहून मी माफी मागितली. बावीस वर्षांच्या टोमण्यांची. ते हसत होते, पण फोटोत ते नेहमीच हसतात.

रोलरमधला तुमचा वाटा मला देण्याचा जो कागद तुम्ही गल्लीत यायच्या आधी आवारातल्या टेबलावर ठेवून गेलात, त्याचीही मागची बाजू कोरी निघाली. तुमच्याकडचे कागद मला फार उपयोगी पडतात. अर्धा रोलर तुमचाच आहे आणि राहील. पाटी रंगवून घेतली. आधी 'दोघे भाऊ, डांबर व काँक्रीट' असं होतं. रंगाऱ्याला म्हटलं, भाऊ तसेच ठेव, पुढे 'आणि वहिनी' घाल. जागा पुरेना म्हणून त्याने 'वहिनी' जरा बारीक काढलं. मी ते पुसून परत मोठं काढायला लावलं.

एक लाल खुंटी मी ठेवून घेतली आहे. दुसरी सोबत पाठवते, दोरीसकट. गाठ सोडू नका. तुमच्या ऑफिसच्या टेबलावर ठेवा, कोणी विचारलं तर सांगा.

आणि कामाचं. बेकरीचं पाहून बाजारातल्या सगळ्या दुकानदारांनी मिळून समोरचा पूर्ण पट्टा आपल्याला दिला आहे. कंपनीचा माणूस तिथेही आला होता, दोन इंच डांबर घेऊन. त्याला दुकानदारांनी बादली आणायला सांगितली, तो अजून आणतो आहे. चौदा दुकानं आहेत, प्रत्येकाचा उंबरा वेगळ्या उंचीवर, आणि सगळ्यांचं पाणी एका गटारात न्यायचं आहे. मोजमापं दुसऱ्या कागदावर लिहिली आहेत. उताराचा नकाशा तुम्ही काढा.

तीनदा तपासा. चौथ्यांदा मी तपासीन.

वहिनी